जंगल बंद तेव्हा रामटेक : आमची वाटचाल

आमचा धंदा गाड्यांचा. नागपुरात सक्करदऱ्याला एक गाळा, त्यात टेबल, कूलर, भिंतीवर विदर्भाचा नकाशा आणि बाहेर रोडवर उभ्या गाड्या, बस एवढंच. सुरुवातीला एअरपोर्ट पिकअप, लग्नाची भाडी, आणि सीझनमध्ये पुण्या-मुंबईची सफारीवाली मंडळी, त्यांना पेंच नाहीतर ताडोब्याच्या गेटवर सोडायचं आणि परत आणायचं. कमाई त्यातच होती. पण ज्याने हे काम केलंय त्याला माहीत आहे की जुलै लागला की जंगलाच्या आतल्या भागाची, म्हणजे कोअरची गेटं बंद, ती ऑक्टोबरमध्येच उघडणार, तोवर गाड्या उभ्या, ड्रायव्हर लोकांचे पगार चालू, आणि बँक काही पाऊस पडतोय म्हणून हप्ता सोडत नाही.

आमचे एक जुने ड्रायव्हरभाऊ मौद्याकडचे. ते एकदा चहा पिता पिता म्हणाले, "मालक, पावसाळ्यात लोकायले रामटेकले नेत जा ना. पेंचच्या रस्त्यावरच तर हाये." तिथून हे सुरू झालं.

आता अडचण अशी की नागपूरच्या माणसाला रामटेक विकणं म्हणजे लय कठीण काम. फोन केला की एकच उत्तर, "काय पाहाचं आहे बाप्पा तिथं, शाळेच्या सहलीत पाह्यलं ना." गड, माकडं, खिंडसी तलावातली बोट, दोन तासात परत. बाहेरचे लोक तर त्याहून घाईत, पेंचला जाता जाता पाच मिनिटं दर्शन. आम्ही ठरवलं की हाफ-डे विकायचंच नाही. दिवस घ्या नाहीतर राहू द्या. आणि क्रम उन्हापावसाच्या हिशोबाने लावायचा, देवळांच्या यादीच्या हिशोबाने नाही.

सकाळी लवकर निघतो, ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान, मनसरला हायवे सोडून उजवीकडे, जेमतेम 50 किलोमीटर. वाटेत तर्री पोहे, ते झाल्याशिवाय नागपूरकराचा मूड बनत नाही. गाडी थेट गडावर चढवता येते पण आम्ही आधी अंबाळा तलावावर थांबतो. चारी बाजूंनी टेकडी, काठावर जुनी देवळं आणि घाट, सकाळी पाणी एकदम गप्प असतं. लोक इथे अस्थिविसर्जनाला येतात, विधी चालू असतात, म्हणून आम्ही ग्रुपला आधीच सांगून ठेवतो की घाटावर रील काढायचे नाहीत. ज्यांचे गुडघे बरे आहेत ते इथून पायऱ्यांनी वर, बाकीचे गाडीने.

वर चढताना दगडाचा मोठ्ठा वराह लागतो. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचं, पापी माणूस अडकतो म्हणतात. एका ऑफिसचा ग्रुप होता, त्यांचे साहेब चांगले अंगाने भरलेले, ते खाली बसले तेव्हा सगळा स्टाफ मोबाईल काढून तयार, पण साहेब सर्रकन निघाले आणि मागून अकाउंटवाला पोट्टा अडकला, परतीच्या रस्त्यावर त्याला कोणी सोडलं नाही.

माझ्या मते गडावरची खरी पाहायची जागा म्हणजे केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. लोक पुढे रामाच्या दर्शनाच्या घाईत यांना बगल देऊन जातात. पाचव्या शतकातली, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या वेळची देवळं, शिखर नाही, नक्षी फार नाही, जाड दगडी कातळासारखं काम आणि आत एक गुडघा वर करून आरामात बसलेला नरसिंह. दीड हजार वर्षांपासून तसाच बसून आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे इथलंच खाली दिसणारं नगरधन. तिथे 2015 ते 2018 मध्ये उत्खनन झालं तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, त्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरं. हे सांगितलं की पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवतात. राम-लक्ष्मणाचं आत्ताचं मंदिर नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं, पहिल्या रघुजींनी गोंडांचं देवगड जिंकल्यावर बांधलेलं.

माकडांबद्दल एकच. हातात पिशवी ठेवायची नाही, प्रसादाची तर नाहीच. आमच्या गाडीत कापडी झोळ्या असतात, त्या खांद्यावरून आत घालायच्या, वरून रेनकोट.

कालिदास स्मारक मी नेहमी ढग आल्यावर ठेवतो, आणि पावसाळ्यात ढगाची वाट जास्त पाहावी लागत नाही. कालिदासाच्या मेघदूतातला, ढगाकडे बायकोसाठी निरोप देणारा यक्ष ज्या रामगिरीवर दिवस काढत होता तो हाच, असं आपल्या नागपूरचे इतिहास संशोधक महामहोपाध्याय मिराशी यांनी मांडलं. काही विद्वान छत्तीसगडातला रामगढ सांगतात, ते सांगोत बिचारे. आषाढात या टेकडीवर उभं राहिलं की खालची धानाची शेतं पाण्याने भरलेली, पलीकडे तलाव, आणि ढग कधी कधी इतके खाली की आपल्यालाही त्यांच्याकडे निरोप द्यावासा वाटतो. मे महिन्यात इथे कोणी न्या म्हटलं तर मी सरळ नाही म्हणतो, 45 डिग्रीत कसला यक्ष आणि कसलं काय.

जेवण खाली गावात, झुणका-भाकर, वांग्याचं भरीत, वर रामटेकचं कपुरी पान, इथले पानमळे जुने आहेत. ग्रुप कॉलेजवाला असेल तर दुपारी मनसरची हिडिंबा टेकडी, विटांचं केवढं मोठं बांधकाम निघालंय तिथे, आणि फॅमिली असेल तर कपूर बावडी, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर, झाडीत लपलेली, पायऱ्या निसरड्या म्हणून आजी-आजोबांना वरूनच दाखवतो.

खिंडसी शेवटी. हा तलाव इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधला, सगळीकडून टेकड्या, ऑगस्ट-सप्टेंबरात भरला की समुद्र पाहिल्यासारखी पोरं ओरडतात. बोटिंग वारा असेल तर बंद असतं, तेव्हा कस्टमर आमच्यावर चिडतात, चिडू द्या. लाइफ जॅकेट नाही तर बोट नाही हा आमचा नियम आहे आणि यासाठी पूर्ण पैसे परत करून एक बुकिंग सोडलंय, त्या मंडळींना बोटीत उभं राहून नाचायचं होतं.

नवरात्रानंतर गेलात तर रस्त्याकडेला ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या बाया शिंगाडे घेऊन बसलेल्या असतात, हिरवे कच्चे वेगळे, उकडलेले काळे वेगळे. त्या विळीवर टोकं उडवून सोलून देतात, कच्चा दुधाळ लागतो. आमच्या प्रत्येक ट्रिपची एक पिशवी त्यांच्याकडे ठरलेली.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळंच बसलं, एक गाडी विकली. उघडल्यावर पहिले आले ते नागपूरचेच लोक, कारण लांब जायची हिंमत कोणाची होत नव्हती आणि घरात बसून जीव कंटाळला होता. तेव्हापासून आमचा पावसाळा सफारीच्या सीझनच्या जवळपास चालतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला मात्र गाडी नेत नाही, गर्दीत पार्किंगच मिळत नाही, त्या दिवशी इतवारीहून रेल्वेने जा, तिकीटही स्वस्त. आता यंदा नगरधनच्या किल्ल्यात सकाळ घालवायची वेगळी ट्रिप काढतोय, किमान चार जण असले की गाडी सुटते, रविवारचं बुकिंग गुरुवारपर्यंत सांगा.