तारेवरचा कावळा

मी डॉक्टर नाही. नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढतो, १९ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक कळलंय, माणसं तक्त्यासमोर खोटं बोलतात. दिसत नसलं तरी अंदाजाने अक्षर ठोकून देतात. काही जण बाकावर बसल्या बसल्या खालची ओळ पाठ करून येतात. अहो, चष्मा तुमचाच चुकणार! पण ‘दिसत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी कळव्याहून एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. टीव्हीला नाक लावून बसतो, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, अशी तक्रार. लहान मुलांच्या डोळ्यातला जवळचं बघणारा स्नायू सारखा आवळत राहतो आणि नंबर चुकतो, म्हणून डॉक्टर आधी थेंब घालायला सांगतात. ते थेंब झोंबतात.

“झोंबेल?” त्याने विचारलं.

“हो. थोडा वेळ.”

आजी “काही होत नाही रे” म्हणत होत्या, तिकडे त्याने लक्षच दिलं नाही. माझा अंगठा घट्ट धरला आणि मान वर केली.

पाऊण तासाने त्याच्या नाकावर ती आमची जड, गोल चौकट बसवली आणि एकेक काच घालत गेलो.

“आता?”

“नाही.”

“आता? ही बरी की ती?”

“दोन्ही नाही.”

मला हसू आलं. इतका सरळ पेशंट महिन्यातून एखादाच. शेवटी नंबर निघाला उणे साडेपाच. म्हणजे वीतभर अंतरापलीकडचं जग या पोराने कधी नीट पाहिलेलंच नव्हतं.

चौकट तशीच ठेवून, हात धरून त्याला गॅलरीत नेलं. पाऊस थांबला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग ओरडला, “काका, कावळा कशावर तरी बसलाय!”

“तारेवर.”

“तिथे तार आहे?”

कावळे दमले की हवेतच बसतात, अशी त्याची समजूत होती. आजी म्हणाल्या, “मला कधी बोलला नाहीस ते?” त्याने तारेवरून नजर न काढता सांगितलं, “तू विचारलंच नाहीस.”

दुसऱ्या दिवशी चर्चच्या उपासनेत शास्त्रपाठाची, म्हणजे बायबल वाचायची, पाळी माझी होती. आमच्या मराठी मंडळीत मी कमिटीवर आहे, दानार्पण मोजतो, प्रार्थना म्हणायला उभं केलं तर लांबलचक म्हणतो. चार वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हापासून ती सगळी तोंडपाठ आहे. खालच्या ओळीसारखी.

रात्री सरावासाठी पान काढलं. मार्ककृत शुभवर्तमान, आठवा अध्याय. बेथसैदाचा आंधळा. ही गोष्ट एकट्या मार्कानेच सांगितली आहे. प्रभू येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी.

धंद्यामुळे असेल, या ओळीशी मी नेहमी अवघडायचो. पहिल्या झटक्यात गुण आला नाही, हे प्रभूच्या बाबतीत वाचायला बरं वाटत नसे. त्या रात्री मात्र मी आंधळ्याकडे बघत राहिलो. ‘दिसतंय, प्रभू, सगळं दिसतंय’ म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. आमच्यातले बरेच जण तेच म्हणाले असते, मी तर पहिला. त्याने धूसर आहे म्हणून सांगितलं, आणि तुझा विश्वास कमी पडला असं त्याला कोणी ऐकवलं नाही. पुन्हा डोळ्यांवर हात ठेवले.

दिवा मालवला. अंथरुणात पडून नेहमीची प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या वाक्यालाच थांबलो.

“दिसत नाही,” मी म्हणालो. “अजून धूसरच आहे.”

“कोणाशी बोलताय?” बायकोने अंधारात विचारलं.