कोरड्या कापसाला कटती

सकाळी साडेआठलाच दिवाणजींचा फोन. हिंगणघाटच्या अलीकडच्या एका जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याला, वजनकाट्याचा प्रोग्राम मी लिहून दिला होता, तिथून. "या बरं लवकर. एक बुढा पावती घेऊन ओट्यावर बसला, हलूनच नाही राहिला."

गेलो. आजोबांनी पावती हातात दिली नाही, माझ्या नाकासमोर धरली. माल १८ क्विंटल ४० किलो, ओलावा ७.५ टक्के, कटती, म्हणजे ओलाव्यापोटी वजनातून कापलेले, ३६ किलो ८०० ग्रॅम. "दोन दिवस स्लॅबवर वाळवला म्या कापूस. माह्या मागच्या ट्रॅक्टरचा ओलावा नऊ, त्याले क्विंटलमागं एक किलो. अन् मले दोन? हे कोन्तं गनित होय बाप्पा?"

सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, १२ च्या वर माल घेत नाहीत. या जिनिंगनंही आठचीच रेघ धरलेली; पुढच्या टक्क्याला क्विंटलमागं एक किलो. म्हणजे आजोबांची कटती शून्य यायला हवी होती. आणि काट्याच्या ओलावा मोजणाऱ्या मीटरनं शून्यच पाठवलं होतं! मीटर माहिती पाठवतं ती जेसन या साच्यात, नाव आणि किंमत अशा जोड्यांत; त्यात 'कटती' ही की, म्हणजे नाव, होतं, किंमत ०.

घोळ माझ्या एका ओळीत होता. आवारातल्या जुन्या काट्याला मीटर नाही, तिथून ती कीच येत नाही. तेव्हा ठरलेली दोन किलो लावायची. म्हणून मी इफच्या, म्हणजे 'असेल तर' या अटीच्या, कंसात नुसतं 'डेटा डॉट कटती' लिहून मोकळा झालो होतो. जावास्क्रिप्ट तिथं की आहे का हे बघतच नाही, किंमत बघते. शून्य, रिकामा मजकूर, नल (मुद्दाम रिकामी ठेवलेली किंमत), अनडिफाइन्ड (किंमतच नाही), सगळं तिच्या लेखी 'नाही'. हंगामाचे पंधरा दिवस सगळ्यात कोरडा माल आणणाऱ्यांनाच मी दंड लावत होतो.

की आहे का हे विचारायला 'इन' वापरणार होतो, पण ते प्रोटोटाइपची साखळीही, म्हणजे ऑब्जेक्टला वारशानं मिळालेल्या गोष्टीही, धुंडाळतं. रिकाम्या ऑब्जेक्टला 'टूस्ट्रिंग' आहे का विचारलं तरी हो म्हणतं. फक्त स्वतःच्या की बघणारं 'ऑब्जेक्ट डॉट हॅजओन' काट्यावरच्या जुन्या ब्राउझरला ठाऊक नव्हतं. शेवटी तेच काम करणारं जुनं 'हॅजओनप्रॉपर्टी' लावलं, आजोबांची पावती नव्यानं काढली आणि चहा मागवला.

चहा येतो न येतो तोच दिवाणजी ओरडले. हात घातला की थंड लागेल असा ओला माल, आणि पावतीवर कटती शून्य. मीटरचे सेल उतरले होते. अशा वेळी ते 'कटती'ची की पाठवतं, पण किंमत नल. माझ्या नव्या ओळीनं की आहे म्हणून ती घेतली आणि जावास्क्रिप्टनं नलला क्विंटलनं गुणून शून्य हातात दिलं. ट्रॅक्टरवाला गालातल्या गालात हसत होता, त्याला काय!

मग बसून तिन्ही वाटा वेगळ्या केल्या. की नाही, तर दोन किलो. की आहे पण नल, तर पावती निघणारच नाही, पुन्हा मोजा. आकडा असेल, शून्य का असेना, तर तोच. मागच्या पावत्या तपासून कोरड्या मालवाल्यांची यादी काढेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. पैसे द्यायला मालक कुरकुरले, पण दिले.

आता दिवाणजींच्या गल्ल्यात नोटांशेजारी मीटरचे दोन सेल ठेवलेले असतात.