येरझाऱ्या, पट्ट्यावरच्या

दुपारी ऑफिसातले कीबोर्ड पेंगायला लागले की कोपऱ्यातला आवाज वर येतो. थप, थप, थप. उंच टेबलाखालचा वॉकिंग पॅड, म्हणजे काम करता करता चालायचा फिरता पट्टा. मोटरचं कुणी मनावर घेत नाही, त्रास पावलांचा. खालच्या मजल्याला तर वर कुणी मसाला कुटतंय असंच वाटतं. जाड रबरी मॅटने निम्मं भांडण मिटतं. टाचा आपटणाऱ्याला मॅटही पुरत नाही.

ताशी २ किलोमीटरच्या आसपास टायपिंग सुखाने होतं. वेग वाढवला की आधी माऊस दगा देतो, एक्सेलचा बारीक चौकोन हुकतो. पॅडच्या जाडीइतकं टेबलही वर घ्यायचं, कोपर काटकोनात यायला हवं. नाहीतर टेबल खाली पडतं आणि पाठ वाकते. आणि चार्जरची वायर आखूड असेल तर टेबल वर जाताना ती उपटली जाते, हे पहिल्या दिवशीच कळतं.

पट्टा एका अंगाला सरकणं ही याची जुनी खोड. पुष्कळदा दोष माणसाचा, एका पायावर भार जास्त. ज्या बाजूला सरकला, त्याच बाजूचा मागचा बोल्ट एलन कीने (षटकोनी चावीने) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. पाव म्हणजे पावच! मग दोन मिनिटं रिकामा चालवून बघायचं. उत्साही लोक अर्धा फेरा देतात आणि पट्टा दुसऱ्या कडेला नेऊन घासतात. पट्ट्याखाली तेल सिलिकॉनचंच. बिजागरीला मारतात तो स्प्रे नको. कोरड्या पट्ट्याने मोटर तापते आणि ऐन पावलात थांबते.

विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ साली पायचक्की, म्हणजे मूळची ट्रेडमिल, काढली, ती कैद्यांसाठी. पुढे काही तुरुंगांत शेजारच्याशी बोलू नये म्हणून मध्ये फळ्या ठोकल्या. आपल्याकडे हेडफोन आहेत.

खऱ्या येरझाऱ्यांची मजा वळण्यात असते. पाठांतर करणारं पोर भिंतीला हात लावून गर्रकन फिरतं, आणि अडलेली ओळ नेमकी तिथेच आठवते. पट्ट्याला भिंतच नाही. अडलेलं वाक्य किलोमीटरभर अडलेलंच राहतं.

उतरताना टेबल धरावं. फरशी क्षणभर सरकल्यासारखी वाटते, आणि हातातली कॉफी सांडते ती तेव्हाच.