होय म्हाराजा

दुपारी माशाची कढी नि भात जेवून जरा आडवा झालो तोच घरच्या ग्रुपवर मेसेज, सामायिक पडवीची कौलं काढून पत्रे घालायचेत, खर्च वाटून घेऊ, सगळ्यांची संमती कळवा. मुंबईच्या चुलतभावाने लिहिलं 'अ‍ॅग्रीड', ठाण्याच्या वहिनींनी नुसता अंगठा, पुण्याच्या काकांनी 'नोटेड'. झाली, झोप गेली.

कारण इंग्रजी होकारांच्या मागे लागायची मला जुनी खोड आहे. 'अ‍ॅग्री विथ' म्हटलं की फक्त मत जुळलं, 'अ‍ॅग्री टू' म्हटलं की खिशात हात घालावा लागतो, आणि आमचा भाऊ बरोब्बर त्याच्या अलीकडे थांबलाय. दुसऱ्याच्या निकालाशी सहमत होताना न्यायाधीश कन्कर करतात, राष्ट्रपती बिलाला मंजुरी म्हणजे असेंट देतात, १९४७ला भारतात सामील होताना संस्थानिक अ‍ॅक्सीड झाले नि गव्हर्नर जनरलने ते अ‍ॅक्सेप्ट केलं, एका कागदावर होकार दोन नि क्रियापदंही दोन! काकांचं नोटेड यातल्या कशातच बसत नाही, सोडा. पण वहिनींच्या अंगठ्याला हसू नका. कॅनडात सस्कॅचेवानच्या कोर्टाने २०२३मध्ये जवसाच्या सौद्यात शेतकऱ्याने मोबाईलवरून पाठवलेला अंगठा सही म्हणून धरला, सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरना पडला त्याला. वहिनींना अजून कळवलेलं नाही.

आमच्याकडे होकार द्यायचा तो घोळक्याने. देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्याचं वाक्य संपायच्या आधीच आम्ही पोरं 'होय म्हाराजा' ओरडायचो, काय मागितलं कोणाला ठाऊक, लक्ष सगळं खोबऱ्याच्या तुकड्याकडे. असेंट म्हणतात तो हाच असावा.

अ‍ॅक्विएस मात्र वेगळं, मनात असो नसो, आड यायचं नाही. आत्या मे महिन्यात माहेरी आली तेव्हा तिला हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याला नेलं, मीही सोबत होतो, लहान होतो, येताना लिंबू सोडा मिळणार म्हणून. १८७२च्या करार कायद्यात कन्सेंटची व्याख्या आहे, एकच गोष्ट दोघांनी एकाच अर्थाने कबूल करणं. आत्याने कुठल्या अर्थाने केली देव जाणे, तिने एवढंच विचारलं, "खंय करू रे सही?" कागदावर 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे ती यायच्या आधीच टाईप झालेलं होतं.