पांढरी एक शांत, काळी एक बेचैन: स्केलचा स्वभाव येतो कुठून?

सी मेजर (पांढरी एक) शांत आणि डी फ्लॅट मेजर (काळी एक) बेचैन वाटते, असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं: वाद्य कोणत्या ट्यूनिंगमध्ये आहे? इक्वल टेंपरामेंटमध्ये, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या ट्यूनिंगमध्ये, प्रत्येक अर्धस्वर 100 सेंटचा (सेंट हे स्वरांतलं अंतर मोजायचं एकक, सप्तकात 1200). तिथे पांढरी एक घ्या की काळी एक, स्वरांमधली अंतरं तीच. बदलते ती फक्त पट्टी.

गोम बारा पंचमांत आहे. शुद्ध पंचम (सा-प अंतर) म्हणजे 702 सेंट. असे बारा पंचम एकापुढे एक लावत गेलं की सात सप्तकं ओलांडून साधारण 23.5 सेंट पुढे जातो. हे जादा सेंट कुठेतरी मुरवावेच लागतात आणि कुठे मुरवले त्यावर स्केलचा रंग ठरतो.

जर्मन संगीततज्ज्ञ वेर्कमाइस्टरची 1691 मधली तिसरी ट्यूनिंग पद्धत घ्या. सी-जी, जी-डी, डी-ए आणि बी-एफ शार्प हे चार पंचम सुमारे 5.9 सेंटनी उतरवायचे, बाकीचे आठ शुद्ध ठेवायचे. आता सी-ई हा गंधार 390 सेंटचा होतो, शुद्ध 386 च्या अगदी जवळ. डी फ्लॅट-एफ मात्र 408 वर जातो. मधला सी 261.6 हर्ट्झ धरून सी-ई एकत्र दाबा: सेकंदाला तीन बीट्स (आवाज कमी-जास्त होण्याचे हेलकावे), सहज मोजता येतात. डी फ्लॅट-एफ दाबा: सतरा. ते मोजता येत नाहीत, नुसती खरखर ऐकू येते. (इक्वलमध्ये दोन्हीकडे दहा-अकरा.)

सुरावटीतला फरक मला याहून सुंदर वाटतो. बी वरून सी ला जायला 108 सेंट, सी वरून डी फ्लॅटला फक्त 90. त्यामुळे काळी एकचा नी सा ला जवळजवळ चिकटलेला असतो आणि वर ओढ घेतो.

डिजिटल पियानोवर हे करून बघताना ऑर्गनचा आवाज निवडा. पियानोचा स्वर विरत जातो, बीट्स नीट मोजता येत नाहीत. कोरस, व्हायब्रेटो, रिव्हर्ब बंद करा, नाहीतर त्यांच्याच लहरी मोजत बसाल. टेंपरामेंटचा मूळ स्वर (ज्यापासून ट्यूनिंगची अंतरं मोजली जातात तो) सी वर ठेवा आणि ट्रान्सपोज शून्यावर. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो: स्केल बदलताना मूळ स्वरही हलवला, तर प्रत्येक स्केल सी सारखीच वाजते.