डावा डोळा लवायचा तेव्हा

८ जुलै, मंगळवार

आज मिरजेला जाऊन डोळा लवायच्या आजाराची इंजेक्शनं घेऊन आले. दर साडेतीन-चार महिन्यांनी जावंच लागतं, आता सहावं वर्ष. डाव्या डोळ्याभोवती चार टोचे, गालाच्या हाडाखाली एक, ओठाच्या वर अगदी थेंबभर. सगळं मिळून २२ युनिट औषध. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते, तरी पापणीजवळ टोचताना डोळ्यातून पाणी येतंच. त्याची सवय होत नाही. मग बर्फ लावून थोडा वेळ बसवतात. चार तास आडवं पडायचं नाही, चोळायचं नाही, एवढंच पथ्य.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "ताई, मागच्या वेळेसारखं उजवीकडेही करू या का? आणि कपाळाची आठी?"

मी म्हटलं, "नको. फक्त डावीकडचं."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मी मात्र सांगलीपर्यंत बसमध्ये त्याच विचारात होते.

९ जुलै, बुधवार

हे सगळं सुरू झालं २०१७ साली. डावा डोळा लवायला लागला. आई खूश. "बाईचा डावा लवतो ते चांगलं," म्हणायची. "उजवा लवला तर काळजी." दोन-तीन महिने तिने घरात येणाऱ्या प्रत्येक चांगल्या बातमीचं श्रेय माझ्या पापणीला दिलं. मग डोळ्याबरोबर गाल ओढला जाऊ लागला, नंतर ओठाचा कोपरा. झोपेतही चालू असतं, हे यांनी सांगितलं. तेव्हापासून आई शकुनाचं बोलायची थांबली.

मी सहकारी बँकेत कॅश काउंटरवर बसते. दिवसभर समोर माणसं. एका खातेदाराला वाटलं, मी डोळा मारला. साठीचे, सभ्य गृहस्थ. बोलले काही नाहीत, पण पुढच्या वेळी पलीकडच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

निदान व्हायला दोन वर्षं गेली. कुणी म्हणालं चष्म्याचा नंबर, कुणी म्हणालं टेन्शन. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि नाव सांगितलं: हेमिफेशियल स्पॅझम. चेहरा हलवणारी नस मेंदूतून जिथे बाहेर पडते, तिथे एक रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. ती वाहिनी ठोके देत राहते आणि नस चाळवते. आधी गोळ्या दिल्या, त्यांनी नोटा मोजताना झापड यायची. ऑपरेशनही असतं. कवटीला छोटं भोक पाडून नस आणि वाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात, आणि पुष्कळांचा आजार त्याने कायमचा जातो. पण ऐकण्याची नस तिथे अगदी शेजारीच असते आणि त्या कानाचं ऐकू येणं जाण्याचा धोका असतो. आमच्या घरात ऐकू न येणं काय असतं, ते मी रोज बघते. मी इंजेक्शन निवडलं.

म्हणजे बोटॉक्स. तेच, सुरकुत्यांचं. नाव ऐकून मी तेव्हा दचकलेच होते.

मग वाचत गेले. मूळ हे विष आहे. १८२०च्या सुमारास जर्मनीत यूस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडणाऱ्या माणसांच्या नोंदी ठेवल्या. लॅटिनमध्ये 'बोटुलस' म्हणजे सॉसेज, नाव तिथून आलं. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीनंतरच्या जेवणातल्या मांसाने लोक आजारी पडले, काही दगावले, आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यातून जंतू शोधला. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी १९७०च्या दशकात त्याच विषाचा अतिशय सूक्ष्म डोस तिरळेपणासाठी वापरून पाहिला. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचवणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. त्याचं बाहेर पडणं हे औषध अडवतं. निरोप पोचला नाही की स्नायू सैल पडतो. काही महिन्यांनी नसेचं काम पुन्हा सुरू होतं, म्हणून माझी मिरजेची फेरी. १९८९च्या शेवटी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि आपोआप मिटणाऱ्या पापण्यांसाठी. सुरकुत्यांचा तेव्हा विषयच नव्हता.

तो आला कॅनडातल्या व्हँकुव्हरमधून. जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर, त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. १९८७ साली पापण्यांच्या आजाराची एक बाई जीन यांना म्हणाली, भुवयांच्या मध्येही टोचा ना, तिथे टोचलं की माझा चेहरा निवांत दिसतो. म्हणजे हा शोध मुळात माझ्यासारख्याच एका पेशंट बाईचा. आरसा तिने पाहिला होता. मग त्यांनी दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टला आठीवर इंजेक्शन दिलं. १९९२ला त्यांचा निबंध छापून आला, २००२ला अमेरिकेने आठीसाठी मान्यता दिली. ते वाचताना मला त्या अनोळखी बाईशी नातं वाटलं. आजार सांगायला गेलेली बाई आपला चेहरा किती बारकाईने बघत असते, ते मला माहीत आहे.

१० जुलै, गुरुवार

काल मुद्द्याचं लिहायचं राहिलंच.

या औषधाने डावीकडचं ओढणं थांबलं आणि सोबत डावीकडच्या सुरकुत्याही गेल्या. उजवीकडच्या वाढतच राहिल्या. चोपन्नाव्या वर्षी माझा अर्धा चेहरा चाळिशीचा आणि अर्धा माझ्या वयाचा. फोटोत ते फार दिसायचं. एप्रिलात भाच्याचं लग्न होतं, भावाच्या घरातलं पहिलं कार्य. वहिनी म्हणाली, "ताई, एकदा दोन्ही बाजू सारख्या करून घ्या ना." मार्चअखेरीस घेतल्या करून. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, त्या हिशेबाने. आठीला पाच टोचे, २० युनिट. उजव्या डोळ्याच्या कडेला तीन टोचे, १२ युनिट. त्याचे साडेअकरा हजार वेगळे.

लग्नातले फोटो सुंदर आले. मला ते आवडलं होतं, हे मी लपवणार नाही. कपाळ सपाट, डोळे मोकळे. बँकेतली एक मैत्रीण दोन वर्षं आठीचं इंजेक्शन घेतेय, तिला त्याने बरं वाटतं, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडले आहे. फक्त ते त्वचारोगतज्ज्ञाकडे घ्या. आमच्या रस्त्यावरच्या एका पार्लरने 'ऑफर'चा बोर्ड लावलाय, तो बघून माझा जीव घाबरतो. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, कुठल्या स्नायूत किती हे शिकावं लागतं. चुकीच्या जागी उतरलं तर पापणी आठवडेच्या आठवडे पडून राहते. मला स्वतःला २०२१ मध्ये एकदा झालंय, निष्णात हातांनी देऊनही. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. गरोदरपणात घ्यायचं नाही.

तर आई. एक्याऐंशी वर्षांची. ऐकू जवळजवळ येत नाही, कानातलं यंत्र तिला सोसत नाही. ती ओठ बघते, त्याहून जास्त चेहरा बघते. लग्नानंतर ती पुन्हा माझ्याकडे राहायला आली. आठवडाभरात गप्प झाली. मी काही गंमत सांगितली की माझ्याकडे बघत राहायची, हसायची नाही. भावाला म्हणाली, "ती माझ्यावर रुसलीय." मी विचारलं तर नुसती मान हलवायची. आणि एका संध्याकाळी भाजी निवडताना, वर न बघता म्हणाली, "मी तुला जड झाले का गं?"

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली लिहून ठेवलंय की मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, तो नुसत्या इच्छेने हलवता येत नाही. मी दोन्हीकडे नेमका तोच स्नायू सैल करून घेतला होता. ओठ हसत होते, डोळे गप्प होते. आणि आई डोळ्यांवरून ऐकते.

आम्ही तिच्यासाठी पाटी ठेवलीय. पाटीवर लिहिलं, "इंजेक्शनमुळे चेहरा हलत नाही. रुसले नाही. कधीच नाही." तिने दोनदा वाचलं. मग माझ्या कपाळावर मधोमध बोट टेकवून म्हणाली, "इथं दिसायचं. कॅश जुळली नाही की इथं आठी असायची. मग मी विचारत बसायचे नाही, चहा टाकायचे."

इतकी वर्षं मला वाटायचं, तो चहा असाच वेळेवर होतो.

११ जुलै, शुक्रवार

तिसरा दिवस. डावा डोळा शांत झालाय. चेहरा धुताना पापणी नीट मिटत नाही, साबण आत जातो, तेवढं सांभाळायचं. उजवीकडच्या रेषा आता पूर्ण परतल्यात, आठीही. सकाळी आरशात दोन्ही बाजू वेगळ्या दिसल्या आणि मी थोडी थबकले. अजूनही थबकते.

संध्याकाळी घरी आले. आई नेहमीच्या जागी, म्हणजे माझ्या खुर्चीच्या डावीकडे स्टुलावर बसली होती. मी पाणी प्यायले, चप्पल आत ठेवली. ती उठली, स्टूल उचललं, माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवलं. बसली. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आज जुळली वाटतं."