रैयोलीचा डायनासोर पार्क, चार मुलं आणि 'कशावरून?'

डिसेंबरात आम्ही दोन होमस्कूलिंग घरं मिळून गुजरातमधल्या रैयोलीला जाऊन आलो. बालासिनोरजवळचं गाव, महिसागर जिल्ह्यात, अहमदाबाद किंवा वडोदऱ्याहून गाडीने साधारण दोन तास. मुलं चार, धाकटा पाचचा आणि मोठी बाराची. ट्रिप ठरली ती मोठीमुळे. राजासॉरस या तिथेच सापडलेल्या मांसाहारी डायनासोरच्या डोक्यावर बुटकं गोलसर शिंग होतं असं मी वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "कशावरून?" आणि मला नीट सांगताच येईना. मग म्हटलं जिथे सापडला तिथेच जाऊया.

सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच देते. तिथे म्युझियम आणि फॉसिल पार्क जवळजवळच आहेत, पण आधी पार्क बघा, म्युझियम नंतर. म्युझियममध्ये (२०१९ मध्ये सुरू झालंय) मोठाले पुतळे, स्क्रीन, फिल्म असं सगळं आहे आणि मुलं तिथे एकदा रमली की मग उन्हात दगड बघायला कोणी येत नाही. आम्ही सकाळी उघडल्या उघडल्या पार्कात शिरलो, गाईड घेतला, आणि तो घ्याच, कारण आपल्याला नुसता माळ दिसतो. आमच्या गाईडने एका खडकावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि कोरड्या दगडात काहीच दिसत नव्हतं तिथे ओलं झाल्यावर अंड्याचं गोल कवच उमटलं. चारही मुलं एकदम गप्प झाली. खरं सांगते, म्युझियममधल्या कुठल्याही पुतळ्यासमोर ती तशी गप्प झाली नाहीत.

हा सगळा लामेटा नावाच्या खडकांचा थर. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हाचा बनलाय, त्याच लाव्हाच्या खालचा, म्हणजे त्याच्याआधीचा. मुलांना हे असं सांगितलं की लगेच पटतं कारण तो काळा दगड त्यांच्या ओळखीचा असतो. इथे १९८१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना हाडं सापडली, आणि सुरेश श्रीवास्तव यांनी पुढच्या दोनतीन वर्षांत ती गोळा करताना कुठलं हाड जमिनीवर नेमकं कुठे पडलं होतं त्याचा नकाशा करून ठेवला. हाडं बरीच वर्षं तशीच होती. नंतर भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्या नकाशाच्या मदतीने ती जुळवली आणि २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. कवटीचे तुकडे मिळाले होते म्हणून शिंग कळलं. मोठीला उत्तर मिळालं आणि मलाही.

यावरून एक खेळ जाण्याआधीच घरी करा, आम्ही केला होता आणि त्याचा फार उपयोग झाला. मोठ्या टबात वाळू भरायची, त्यात शाडूची वाळलेली हाडं पुरायची, वरून सुतळीने चौकोन पाडायचे आणि एका मुलाने ब्रशने हळूहळू उकरत प्रत्येक तुकडा कुठल्या चौकोनात आणि कसा पडलाय ते ग्राफ पेपरवर काढायचं. मग हाडं आणि नकाशा दुसऱ्या मुलाकडे द्यायचा, ज्याने उकरताना बघितलेलं नाही, आणि त्याने प्राणी जुळवायचा. नकाशा घाईत काढला असेल तर शेपटीचं हाड मानेत जातं आणि मग काढणाऱ्यालाच कळतं की नोंद कशाला नीट करायची. गाईडने श्रीवास्तवांच्या नकाशाचं सांगितलं तेव्हा आमची मुलं मान डोलवत होती.

दुसरं म्हणजे ४६ मीटर दोरी. पृथ्वीचं वय साधारण ४६० कोटी वर्षं, म्हणजे एक मीटरला दहा कोटी आणि एक सेंटीमीटरला दहा लाख. जीवसृष्टीच्या सुरुवातीच्या खुणा आजच्या टोकापासून साधारण ३५ मीटरवर, डायनासोर जेमतेम २.३ मीटरवर येतात आणि ६६ सेंटीमीटरवर संपतात, आणि आपण माणसं शेवटच्या जेमतेम ०.३ मिलिमीटरमध्ये. मोकळ्या जागेत दोरी पसरून मुलांना त्यावरून चालायला लावा, पुस्तकातल्या तक्त्याने जे होत नाही ते पाच मिनिटांत होतं. सगळ्यात धाकट्याला आकड्यांचं काही कळलं नाही पण "डायनासोर एवढुस्साच?" हे त्याने विचारलं.

सापाची गोष्ट मात्र मुलांना घरी सांगूनच न्या. गुजरातमध्येच धोली डुंगरी इथे टायटनोसॉरच्या (लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या महाकाय डायनासोरच्या) घरट्यात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप दगडात सापडला, साडेतीन मीटरचा, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस नाव मिळालं. आम्ही पंधरा सोळा सेंटीमीटरची मातीची अंडी केली, दोरीचा साप केला आणि मुलांना विचारलं की साप अंडी खायला आला होता की योगायोगाने तिथे सापडला, कशावरून ठरवणार? अर्धा तास भांडण चाललं. त्यातलं एकही वाक्य मी शिकवलेलं नव्हतं.

शेणाचे दगड हा मुलांचा सगळ्यात लाडका विषय, त्याला इलाज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनासोरांच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये कळलं की डायनासोरांच्या काळात गवत होतं, तोवर गवत नंतरचं समजत होते. मातीच्या गोळ्यात बिया, पानांचे तुकडे, काड्या घालून वाळवा आणि दुसऱ्याला टूथपिकने फोडायला द्या, काय खाल्लं होतं ते त्याने सांगायचं.

ठसे घ्यायला पीओपी वापरणार असाल तर पावडर मोठ्यांनी मास्क लावून कालवा, दोन वाट्या पावडरीला एक वाटी पाणी, आणि मुलांना त्यात हात बुडवू देऊ नका, घट्ट होताना ते चांगलंच तापतं आणि भाजू शकतं. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

जाताना टोपी, बूट, भरपूर पाणी, भिंग, मोजपट्टी आणि पाठीला कडक पुठ्ठा असलेली वही न्या, कारण मुलांना उभ्यानेच चित्रं काढावी लागतात. सावली कमी आहे, त्यामुळे उन्हाळा टाळाच. वेळा आणि सुट्टीचा वार निघण्याआधी बघून घ्या. राजासॉरसची लांबी साधारण साडेसहा मीटर धरतात, जुने अंदाज मोठे होते, तेवढी दोरी बरोबर असली तर मुलं जमिनीवर आखून त्यात झोपून बघतात. म्युझियमला दोन तास पुरे. मोठीने तिथल्या रंगीत पुतळ्यासमोर बसून राजासॉरस काढला पण रंगवला नाही, खाली लिहिलं "रंग कशावरून ठरवला?"

आणि गाडीत बसण्याआधी मुलांचे खिसे तपासा. तिथला एकही दगड घरी आणायचा नसतो, तो कुठे पडला होता हीच त्याची अर्धी माहिती. धाकट्याच्या खिशात एक निघाला, आम्ही परत आत गेलो आणि त्याने स्वतःच्या हाताने तो उचलला होता तिथेच ठेवला.